आयडिया भारी, टीम भारी, तरी फॉर्म बाद! बिझनेस प्लॅन स्पर्धेत उतरण्याआधी जालन्याच्या पोरांनी कुठले नियम वाचायला हवेत?

समजा, जालन्यात चार मित्र आहेत. दहावीपर्यंत एकाच वर्गात शिकलेले. दिवाळीच्या सुट्टीत भेटतात आणि विषय निघतो मोसंबीचा. चौघांच्याही घरी किंवा पाहुण्यांकडे बाग आहे. माल एकदम ढिगाने विकला की भाव कमी, आणि आकारानुसार निवडून विकला की चार पैसे जास्त. मग गावातच मोसंबीची निवड करून देणारं छोटं केंद्र काढलं तर? शेतकऱ्याकडून किलोमागे ठरावीक पैसे घ्यायचे आणि माल निवडून, खोक्यात भरून द्यायचा.

आयडिया चांगली आहे. तेवढ्यात एकाच्या व्हॉट्सॲपवर विद्यार्थ्यांसाठीच्या बिझनेस प्लॅन स्पर्धेची जाहिरात येते. चौघं आठवडाभर जागून स्लाइड्स तयार करतात, फॉर्म भरतात आणि पहिल्याच फेरीत बाद होतात. परीक्षकांनी आयडिया वाचलेलीसुद्धा नसते.

का? कारण नियमात एक ओळ असते, ‘संघातील सर्व सदस्य एकाच विद्यापीठाचे नियमित विद्यार्थी असावेत.’ आणि हे चौघं चार वेगवेगळ्या ठिकाणचे असतात.

हे उदाहरण कल्पनेतलं आहे, पण अडचण खरी आहे. अशा स्पर्धांमध्ये पहिली चाळणी आयडियाची नसते, पात्रतेची असते. म्हणून हे नियम नेमके कसे असतात आणि ते कसे वाचायचे, ते सविस्तर बघू.

आधी हे बघा की तुम्ही नक्की कुणाचे विद्यार्थी आहात

प्रश्न सोपा वाटतो, पण जालना जिल्ह्यात त्याचं उत्तर सोपं नाही.

जिल्ह्यातली बहुतेक कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९५८ साली सुरू झालं. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.

पण बदनापूरच्या कृषी महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा असतो. रसायन तंत्रज्ञान संस्थेचं म्हणजे मुंबईच्या आयसीटीचं मराठवाडा केंद्र २०१८ पासून जालन्यात आहे. आयसीटी हे स्वतःच अभिमत विद्यापीठ आहे. नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग यांचं विद्यापीठ शाखेनुसार आणि कॉलेजनुसार बदलू शकतं. घरी बसून पदवी करणारा विद्यार्थी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा असू शकतो.

आणि पॉलिटेक्निकवाला? तो कुठल्याच विद्यापीठाचा नसतो. शासकीय तंत्रनिकेतनाची पदविका महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ देतं, आणि ते मंडळ म्हणजे विद्यापीठ नव्हे.

म्हणजे जालन्यातल्या एकाच गल्लीतले चार मित्र चार वेगवेगळ्या संस्थांचे निघू शकतात. विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या स्पर्धेत ही टीम बसत नाही. तीच टीम राज्यपातळीवरच्या खुल्या स्पर्धेत बसू शकते. आयडिया तीच, माणसं तीच, फक्त फॉर्म वेगळा.

म्हणून ओळखपत्र काढा आणि त्यावर विद्यापीठाचं किंवा मंडळाचं नाव काय आहे ते बघा. टीम जमवण्याआधी करायचं काम हेच.

‘विद्यार्थी’ म्हणजे कोण?

दुसरी मेख या शब्दात असते. बहुतेक नियमांमध्ये चार गोष्टी बघितल्या जातात.

पहिली गोष्ट, नियमित प्रवेश. ‘नियमित’ किंवा ‘पूर्णवेळ’ असा शब्द असेल तर मुक्त विद्यापीठाचा किंवा बहिःस्थ विद्यार्थी बाहेर राहू शकतो.

दुसरी गोष्ट, तारीख. तुम्ही फॉर्म भरताना विद्यार्थी असायला हवं, की अंतिम फेरीच्या दिवशी? शेवटच्या वर्षाच्या पोरांचा घोळ इथेच होतो. नोंदणी जानेवारीत असते आणि अंतिम फेरी ऑगस्टमध्ये. तोवर निकाल लागलेला असतो आणि तुम्ही माजी विद्यार्थी झालेले असता. काही स्पर्धांना माजी विद्यार्थी चालतात, काहींना अजिबात चालत नाहीत.

तिसरी गोष्ट, पुरावा. फक्त ओळखपत्र पुरत नाही. कॉलेजच्या शिक्क्याचं बोनाफाईड किंवा प्राचार्यांचं पत्र मागतात. ते मिळायला दोन-तीन दिवस जातात. शेवटच्या तारखेला सुट्टी आली तर खेळ खल्लास.

चौथी गोष्ट, वय. हा मुद्दा पदविकेच्या पोरांसाठी महत्त्वाचा आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेला मुलगा १६ वर्षांचा असतो. त्याला स्पर्धेत भाग घेता येऊ शकतो, पण भारतीय करार कायद्याप्रमाणे १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय करार करता येत नाही. अनुदान देताना आयोजक करारावर सही मागतात. भागीदारी संस्थेतही अल्पवयीन मुलाला पूर्ण भागीदार करता येत नाही, इतर भागीदारांच्या संमतीने फक्त नफ्याच्या लाभात घेता येतं. त्यामुळे संघप्रमुख म्हणून ज्याचं नाव टाकाल, त्याचं वय आधी बघा.

टीमचे नियम : इथे मैत्री चालत नाही

टीमच्या नियमांमध्ये किती काटेकोरपणा असतो, याचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे स्मार्ट इंडिया हॅकेथॉन. केंद्र सरकारची ही स्पर्धा २०१७ पासून होते. ती बिझनेस प्लॅनची नाही, तोडगा शोधण्याची आहे. पण तिथला नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. संघात प्रमुखासह ६ जण हवेत, सगळे एकाच कॉलेजचे हवेत आणि त्यात किमान एक मुलगी हवीच. पाच जण असले तरी बाद आणि सहाही मुलगे असले तरी बाद. वर कॉलेजच्या अंतर्गत फेरीतून नाव पुढे जावं लागतं, विद्यार्थ्याला परस्पर उडी मारता येत नाही.

बिझनेस प्लॅन स्पर्धांमध्ये आकडे वेगळे असतात, पण प्रश्न तेच असतात. कमीत कमी किती जण, जास्तीत जास्त किती? एकट्याला भाग घेता येतो का? एका विद्यार्थ्याला दोन संघांत राहता येतं का? नोंदणीनंतर सदस्य बदलता येतो का? प्राध्यापक मार्गदर्शक लागतो का आणि लागत असेल तर तो त्याच कॉलेजचा हवा का?

‘नंतर बघू’ म्हणून पाचवं नाव रिकामं ठेवलं आणि नंतर फॉर्म कुलूपबंद झाला, असं होऊ देऊ नका.

स्पर्धा कुठल्या टप्प्यासाठी आहे?

हा नियम सगळ्यात जास्त पोरं चुकीचा वाचतात. कारण ‘स्टार्टअप स्पर्धा’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात.

एक, फक्त कल्पना. कंपनी नाही, वस्तू नाही, कागदावरचा विचार आहे. २०२२ मध्ये राज्यभर झालेली महाराष्ट्र स्टार्टअप यात्रा अशा लोकांसाठी होती. जिल्हापातळीवर सादरीकरण होतं आणि पहिल्या तिघांना २५ हजार, १५ हजार आणि १० हजार रुपयांची बक्षिसं होती. त्याच काळात महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीने महाराष्ट्र स्टुडंट इनोव्हेशन चॅलेंज आणलं. त्याची पहिली चाळणी कॉलेजमध्ये, मग जिल्ह्यात आणि मग राज्यात अशी रचना होती. प्रत्येक जिल्ह्यातून १० संघांना प्रत्येकी १ लाख रुपयांचं बीजभांडवल ठेवलं होतं.

यातली गंमत लक्षात घ्या. जिल्ह्यातून १० म्हणजे जालन्याच्या पोराची स्पर्धा पुण्या-मुंबईशी नव्हती, जालन्यातल्याच पोरांशी होती. जिल्हावार कोटा असलेली स्पर्धा आली तर ती सोडू नये, ती याच कारणासाठी.

दोन, नमुना तयार असलेले. म्हणजे यंत्र, ॲप किंवा वस्तू चालू स्थितीत दाखवावी लागते.

तीन, नोंदणीकृत स्टार्टअप. महाराष्ट्र स्टार्टअप वीक ही २०१८ पासूनची स्पर्धा या प्रकारातली. विजेत्यांना सरकारी विभागाकडून ठरावीक रकमेपर्यंतचं काम मिळतं, पण त्यासाठी आधी केंद्राच्या डीपीआयआयटी विभागाकडे स्टार्टअप म्हणून मान्यता हवी.

इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. उद्यम नोंदणी केली किंवा शॉप ॲक्टची पावती काढली म्हणजे डीपीआयआयटीची मान्यता मिळाली, असं होत नाही. उद्यम ही लघुउद्योग म्हणून होणारी फुकट नोंदणी आहे. डीपीआयआयटीसाठी एकट्याच्या मालकीचा व्यवसाय चालत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी असं काहीतरी लागतं.

घरच्या धंद्याचं काय?

जालन्यात हा प्रश्न हमखास येतो, कारण हे गावच व्यापाराचं. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण उगाच पडलेली नाही. लोखंडाच्या रोलिंग मिल, बियाण्यांच्या कंपन्या, मोंढ्यातली अडत आणि २०१८ पासूनची रेशीम कोषांची बाजारपेठ. त्यामुळे पोराच्या डोक्यात येणारी आयडिया अनेकदा घरच्या धंद्यातूनच निघते.

त्यात चूक काही नाही, उलट धंदा आतून माहीत असणं ही जमेची बाजू आहे. पण बहुतेक स्पर्धा ‘नवा उपक्रम’ मागतात. वडिलांच्या दुकानाची दुसरी शाखा काढतो, हा विस्तार झाला. दुकानात येणाऱ्या शेतकऱ्याला बियाणं कधी पेरायचं हे सांगणारी स्वतंत्र सेवा काढतो, हा नवा उपक्रम होऊ शकतो. काही नियमांमध्ये आधीच्या उलाढालीची किंवा मिळालेल्या गुंतवणुकीचीही मर्यादा असते. घरच्या धंद्याचा संबंध असेल तर तो अर्जात सरळ लिहावा. लपवलेली गोष्ट परीक्षकांच्या प्रश्नांत बाहेर येतेच आणि मग चांगली आयडियाही संशयाने बघितली जाते.

नवीन म्हणजे अगदी शोधच लागतो का?

नाही. आपल्याकडे ‘आविष्कार’ आणि बिझनेस प्लॅन या दोन गोष्टींची गल्लत होते. आविष्कार ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा आहे, ती २००६ पासून होते. तिथे प्रश्न असतो, ‘नवीन काय सापडलं?’ बिझनेस प्लॅनमध्ये प्रश्न असतो, ‘हे कोण विकत घेणार आणि का?’

जालन्याचंच उदाहरण घ्या. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली. बियाणं ही वस्तू काही त्यांनी शोधून काढली नव्हती. शेतकऱ्याला खात्रीचं बियाणं वेळेवर मिळत नाही ही अडचण त्यांनी पकडली, शेतकऱ्यांकडूनच बीजोत्पादन करून घेतलं आणि ते बियाणं लांबवर पोचवलं. १९९८ चा वर्ल्ड फूड प्राइझ या जालन्याच्या माणसाला मिळाला. प्लॅन म्हणजे काय, ते यातून कळतं. अडचण, गिऱ्हाईक आणि माल पोचवायची व्यवस्था.

परीक्षक मार्क कशाला देतात?

या स्पर्धांचा उगम बघितला की उत्तर सापडतं. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात ‘मूट कॉर्प’ नावाची स्पर्धा सुरू झाली. कायद्याचे विद्यार्थी खोटं न्यायालय भरवून सराव करतात, त्यावरून ही कल्पना आली. म्हणजे मुळातच ही स्पर्धा उलटतपासणीची आहे. भारतात आयआयटी मुंबईची ‘युरेका’ १९९८ पासून चालते आणि पुढे इतर कॉलेजांनीही तसाच साचा उचलला.

मार्क साधारण पाच गोष्टींना असतात. अडचण खरी आहे का, गिऱ्हाईक किती, पैसे कसे येणार, हे प्रत्यक्षात जमेल का, आणि हीच टीम ते का करू शकेल. नियमपत्रात या गोष्टींचे मार्क वाटून दिलेले असतात. ते वाचून स्लाइड्स वाटा. जिथे पाच मार्क आहेत तिथे सहा स्लाइड्स आणि जिथे तीस मार्क आहेत तिथे अर्धी स्लाइड, असं बहुतेकांचं होतं.

मोसंबीच्या केंद्राचंच गणित करून बघू. आकडे फक्त समजण्यापुरते घेतलेले आहेत. शेतकऱ्याकडून किलोमागे २ रुपये घ्यायचे. मजुरी, खोकी आणि वीज धरून किलोमागे खर्च १ रुपया २० पैसे. म्हणजे किलोमागे उरतात ८० पैसे. जागेचं भाडं, यंत्राचा हप्ता आणि एक पगार मिळून महिन्याला ४० हजार. ४० हजाराला ८० पैशांनी भागलं की येतात ५० हजार किलो, म्हणजे ५० टन. महिन्याला ५० टन माल आला तर कुठे खर्च निघेल, नफा त्याच्या पुढे.

आता परीक्षक विचारणार, ५० टन माल किती शेतकऱ्यांकडून येणार? आणि मोसंबी तर बहारावर येते, बाकीच्या महिन्यांचं भाडं कोण देणार?

ज्या टीमकडे याचं उत्तर आहे ती पुढे जाते. बाकीचे महिने डाळिंब किंवा दुसरं फळ घेऊ, यंत्र विकत न घेता हंगामापुरतं भाड्याने घेऊ, असं काहीही. उत्तर बरोबरच हवं असं नाही, पण प्रश्न तुम्हाला आधीच पडलेला असायला हवा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, ही गोष्ट स्लाइडवर टाकायला छान आहे. पण मानांकनाने भाडं भरत नाही, हे परीक्षकांना माहीत असतं.

आयडिया चोरीला गेली तर?

सगळ्यात मोठी भीती हीच असते, आणि गैरसमजही इथेच जास्त आहेत.

कायदा असं सांगतो की नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो. तुम्ही लिहिलेल्या मजकुराला, काढलेल्या चित्राला असतो. दुसरं म्हणजे धंदा करण्याच्या पद्धतीला भारतात पेटंट मिळत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्येच तसं लिहिलेलं आहे. त्यामुळे ‘मोसंबी निवडून द्यायची सेवा’ यावर कुणालाच पेटंट मिळणार नाही.

पण निवड करणारं वेगळ्या पद्धतीचं यंत्र तुम्ही बनवलं असेल, तर गोष्ट बदलते. त्याला पेटंट मिळू शकतं. अट अशी की अर्ज करण्याआधी ते जगासमोर उघड झालेलं नसावं. स्टेजवर सगळी रचना समजावून सांगितली, व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि मग अर्ज केला, तर तुमचंच सादरीकरण तुमच्या विरोधात जाऊ शकतं. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसारख्या मोजक्या ठिकाणांना सूट आहे, कॉलेजची प्रत्येक स्पर्धा त्यात बसत नाही.

उपाय आहे. आधी तात्पुरता पेटंट अर्ज करायचा. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर त्याची मूळ फी १,६०० रुपये आहे. त्यानंतर पूर्ण अर्ज करायला १२ महिने मिळतात. स्पर्धा त्या मधल्या काळात खेळा.

आणि नियमपत्रात एक वाक्य शोधा, सादर केलेल्या साहित्यावर हक्क कुणाचा? ‘आयोजकांना प्रसिद्धीसाठी वापरता येईल’ असं असेल तर ठीक. ‘सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असं असेल तर फॉर्म भरण्याआधी मार्गदर्शकाला दाखवा.

कॉलेजचा हिस्सा असतो का?

असू शकतो. केंद्राने २०१९ मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण आणलं. त्यात म्हटलंय की संस्थेची प्रयोगशाळा, पैसा किंवा साधनं मोठ्या प्रमाणात वापरून काही तयार झालं तर त्याची मालकी संस्था आणि विद्यार्थी यांची एकत्र राहू शकते. संस्थेने जागा, मार्गदर्शन वगैरे मदत केली तर ती स्टार्टअपमध्ये २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते.

त्याच धोरणात विद्यार्थ्यांच्या फायद्याच्याही गोष्टी आहेत. प्रकल्पाच्या जागी स्वतःचा स्टार्टअप दाखवता येणं, हजेरी कमी पडली तरी परवानगी घेऊन परीक्षेला बसता येणं, गरज पडली तर सत्राची सुट्टी घेता येणं. फक्त लक्षात ठेवा, हे आपोआप लागू होत नाही. तुमच्या संस्थेने हे धोरण स्वीकारलंय का आणि त्याचे नियम काय केलेत, ते लेखी विचारायला हवं.

बक्षीस म्हणजे हातात येणारे पैसे नव्हेत

पोस्टरवर ‘५ लाखांपर्यंत बक्षिसं’ असं लिहिलेलं असतं. त्यात तीन प्रकार मिसळलेले असतात. रोख बक्षीस एकदा मिळालं की तुमचं. अनुदान किंवा बीजभांडवल टप्प्याटप्प्याने मिळतं, त्याचा हिशोब आणि पावत्या द्याव्या लागतात. आणि तिसरा प्रकार वस्तूरूपातला, म्हणजे सॉफ्टवेअरची कूपनं, बसायला जागा, मार्गदर्शन. तिसऱ्या प्रकारातल्या लाखांनी मोसंबीचं खोकं विकत घेता येत नाही.

रोख बक्षिसावर करकपात होऊ शकते. लॉटरी आणि खेळांच्या बक्षिसांवर कापतात तसा ३० टक्के कर अनेक आयोजक इथेही कापतात. म्हणून पॅन कार्ड मागतात. वाटणी ठरवताना कापून येणारा आकडा धरा.

आणि वाटणी आधीच ठरवा, कागदावर. पैसे सहसा संघप्रमुखाच्या खात्यात येतात. मित्रांनी मिळून धंदा सुरू केला आणि काहीच ठरवलं नाही, तर १९३२ चा भागीदारी कायदा नफा आणि तोटा दोन्ही सारखे वाटतो. रात्रभर जागणाऱ्याला आणि नुसतं नाव देणाऱ्याला हिस्सा सारखाच. शिवाय भागीदारीत धंद्याच्या कर्जाची जबाबदारी प्रत्येकावर असते. एक पानभर लिहून सह्या केल्या तर मैत्री आणि धंदा दोन्ही टिकण्याची शक्यता वाढते.

स्पर्धाच खोटी असेल तर?

फॉरवर्ड आलेल्या प्रत्येक पोस्टरवर विश्वास ठेवू नका. आयोजकाच्या अधिकृत वेबसाइटवर ती स्पर्धा आहे का बघा. विद्यापीठाची आणि कॉलेजची वेबसाइट साधारण ‘डॉट एसी डॉट इन’ने संपते. प्रवेश फी असू शकते, पण ‘निवड झाली, आता प्रमाणपत्रासाठी पैसे भरा’ असा मेसेज आला तर थांबा. ओटीपी तर कुणालाच द्यायचा नाही, बक्षीस जमा करण्यासाठी ओटीपी लागत नाही.

जालन्यात विचारायचं कुणाला?

सगळ्यात आधी आपल्या कॉलेजात. अनेक कॉलेजांमध्ये २०१८ पासून केंद्राच्या योजनेतली इनोव्हेशन कौन्सिल आहे, तिचे समन्वयक प्राध्यापक असतात. विद्यापीठ पातळीवर २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने नवोपक्रम, नवसंशोधन आणि साहचर्य यासाठी स्वतंत्र संचालकाचं पद दिलेलं आहे. पात्रतेबद्दल शंका असेल तर त्या कार्यालयाला ईमेल करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

शेतीशी संबंधित आयडिया असेल तर खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र शहराच्या जवळ आहे. प्रत्यक्ष उद्योग सुरू करायचा असेल तर जिल्हा उद्योग केंद्र आहे. छत्रपती संभाजीनगरात महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं मुख्यालय आहे आणि तिथल्या उद्योजकांनी उभं केलेलं ‘मॅजिक’ हे इनक्युबेशन सेंटरही आहे.

आता त्या चौघांनी काय करायचं?

पहिला पर्याय, वेगवेगळ्या संस्थांचे विद्यार्थी चालतील अशी स्पर्धा शोधायची. दुसरा पर्याय, ज्याच्या विद्यापीठाची स्पर्धा आहे त्याने आपल्याच कॉलेजमधले जोडीदार घेऊन उतरायचं आणि बाकीच्या तिघांचा सहभाग नियमात बसत असेल तर अर्जात उघड लिहायचा. तिसरा पर्याय, स्पर्धेची वाट न बघता येत्या बहाराला दहा शेतकऱ्यांचा माल निवडून द्यायचा आणि किती पैसे सुटले ते वहीत लिहून ठेवायचं. कारण पुढच्या कुठल्याही स्पर्धेत त्या वहीला मार्क आहेत.

फॉर्म उघडण्याआधी एका कागदावर सात प्रश्नांची उत्तरं लिहा. आपण सगळे पात्र आहोत का? अंतिम फेरीपर्यंत पात्र राहू का? टीमची संख्या आणि रचना बसते का? आपली आयडिया त्या टप्प्यातली आहे का? हक्क कुणाकडे राहणार? पैसे कसे आणि कधी मिळणार? आपसातली वाटणी ठरली का?

एका जरी प्रश्नाचं उत्तर ‘माहीत नाही’ असेल, तर स्लाइड्सचा रंग निवडण्याआधी आयोजकांना फोन करा.